मदत हवी आहे: मण्यार की कवड्या? लवकर सांगा

करवीरकर_७: शुक्रवार पेठेत जुनं घर आहे. पट्ट्यांचा साप निघालाय. सासरे म्हणतात विषारी मण्यार, घरमालक म्हणतात बिनविषारी कवड्या. फरक कसा ओळखायचा तेवढं सांगा. गूगल करा म्हणू नका, केलंय.

रंकाळ्याचा_वारा: पट्टे कुठनं सुरू होतात? कवड्याचे मानेपासनं सुरू होऊन शेपटीकडं फिकट होत जातात. मण्यारीचे उलटं, मानेकडं पुसट आणि शेपटीपर्यंत ठळक, बहुधा जोडीजोडीनं. रंग निळसर काळा की तपकिरी? आणि साप आत्ता कुठं आहे ते तरी सांगा की!

पैलवान_नंबर_एक: डोकं तिकोनी असलं की विषारी. विषय संपला.

रंकाळ्याचा_वारा: नागाचं डोकं तिकोनी असतंय काय पैलवान? मण्यारीचं? घोणशीचं असतं म्हणून सगळ्यांना तेच माप?

पैलवान_नंबर_एक: आमचं बालपण उसाच्या फडात गेलंय. तुम्ही पुस्तकं वाचा.

हिरडा_बेहडा: सापाला दूध पाजू नका, पचत नाही त्याला.

करवीरकर_७: दूध कोण पाजतंय ओ! न्हाणीघराच्या भिंतीवर पालीमागं चढत होता, आता फळीमागं गेलाय. तपकिरी वाटला, पण बल्ब पिवळा आहे. लेकरं खाली अंथरुणावर झोपतात, म्हणून घाई.

रंकाळ्याचा_वारा: हे आधी सांगायचं ना राव! भिंत चढणं, पाल... कवड्याच वाटतोय.

गवताळ: एवढ्यावर निकाल देऊ नका. मण्यारीच्या पिल्लांना मानेपर्यंत पट्टे असतात. पक्की खूण म्हणजे पाठीच्या मधल्या ओळीतले मोठे षटकोनी खवले, पण ते बघायला जवळ जायचं नाही. फळी हलवू नका. दार लावून खालच्या फटीत फडकं कोंबा, सर्पमित्राला फोन करा. लेकरं आज खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार चावली तर कित्येकदा दुखत नाही, सूजही येत नाही. नुसती शंका आली तरी सरळ सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर प्रतिविष एकच, तेव्हा साप मारून दाखवायला न्यायची गरज नाही.

पैलवान_नंबर_एक: डोक्याचा फोटो टाका, मी सांगतो.

करवीरकर_७: दार लावलंय. सर्पमित्र अर्ध्या तासात येतो म्हणालाय. सासरे आणि घरमालक बाहेर खुर्च्या टाकून बसलेत, शंभराची पैज लागलीय.