ईमेल उघडताच जुना संगणक हँग होतो, उपाय सुचवावा

उद्यमबागकर:
नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत माझे ओतकामाचे पॅटर्न (साच्यासाठी लागणारे नमुने) बनवण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. फाउंड्रीवाल्यांची ड्रॉइंग्ज ईमेलने येतात, आणि त्यासाठी २०१० साली घेतलेला, विंडोज ७ व २ जीबी रॅम असलेला संगणक अजून वापरात आहे. त्यावर ईमेलसाठी थंडरबर्ड ११५ हा प्रोग्राम असून खाते पॉप, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या, पद्धतीचे आहे. गेले दोन महिने सकाळी थंडरबर्ड उघडले की माऊसचा बाण तेवढा हलतो, विंडो पांढरी पडते, कॅबिनेटवरचा लाल दिवा सलग पेटून राहतो आणि चहा घेऊन परत आलो तरी हिशेबाचा प्रोग्रामही उघडत नाही. दुकानदार रॅम वाढवा म्हणतो. पण थंडरबर्ड बंद असताना बाकी सगळे सुरळीत चालते, त्यामुळे मला ते पटत नाही. जुने मेल मी नेमाने डिलीट करतो.

चिकोडीकर:
विंडोज नव्याने टाकून घ्या. एवढ्या जुन्या मशीनवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खानापूरकर:
कृपया तसे करू नका. खाते पॉपचे असल्यामुळे तुमचे मेल बहुधा याच हार्ड डिस्कवर आहेत आणि सर्व्हरवर त्यांची प्रत असेलच असे नाही. फॉरमॅट मारला तर ड्रॉइंग्ज गेलीच म्हणून समजा. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरचे सगळे मेल एकाखाली एक असे एकाच फाइलमध्ये लिहिते. आपण मेल डिलीट करतो तेव्हा त्यावर फक्त खूण होते, मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो आणि फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावरच तो खऱ्या अर्थाने जातो. शिवाय अटॅचमेंट मेलमध्ये अक्षरांच्या रूपात साठवली जात असल्याने ९ एमबीचे ड्रॉइंग तिथे सुमारे १२ एमबी जागा खाते. ‘मदत’ मेनूतील ट्रबलशूटिंग माहितीतून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचे मेल व सेटिंग्ज जिथे असतात तो) उघडा आणि इनबॉक्स नावाच्या, एक्स्टेंशन नसलेल्या फाइलचा आकार कळवा.

उद्यमबागकर:
यादीत जेमतेम सहाशे मेल दिसतात, आणि फाइल ३.७ जीबी! कॉम्पॅक्ट करू का, असे विचारणारी चौकट वरचेवर यायची खरी. ती काहीतरी जाहिरात असावी असे समजून मी बंद करत आलो.

निपाणीकर:
आमच्याकडेही हेच झाले होते, म्हणून क्रम सांगते. थंडरबर्ड बंद करून संपूर्ण प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, हे लक्षात ठेवा. नंतर ट्रॅश रिकामा करा आणि इनबॉक्सवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट निवडा. कॉम्पॅक्ट करताना नवी फाइल आधी लिहिली जाते आणि जुनी मागाहून जाते, म्हणून डिस्कवर चार-पाच जीबी जागा मोकळी हवी. हे काम यूपीएसवरच करा. आपल्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि मध्येच गेली तर फाइल बिघडू शकते. तरीही हँग होत असेल तर सेटिंग्जमधील ग्लोबल सर्च आणि इंडेक्सिंगची (शोधासाठी मेलची सूची बनवण्याची) खूण काढा, कारण कमी रॅमवर तेही जड जाते. अँटिव्हायरसही तपासा: इनबॉक्समध्ये एक मेल आला तरी फाइल बदलते आणि काही अँटिव्हायरस ती सबंध फाइल पुन्हा चाळत बसतात.

उद्यमबागकर:
काल रात्री वर्कशॉप बंद झाल्यावर ताईंनी सांगितल्याप्रमाणे केले. चाळीस मिनिटे लागली, पण इनबॉक्स ४१० एमबीवर आला. आज सकाळी थंडरबर्ड अर्ध्या मिनिटात उघडले. इंडेक्सिंगला हात लावावा लागला नाही. सेंट फोल्डरही तपासला, तो १.९ जीबीचा निघाला.

खानापूरकर:
तोही कॉम्पॅक्ट करा, आणि यापुढे ती चौकट आली की हो म्हणा.