मदत हवी आहे: बाबांना एलव्हॅड आहे, आतड्यातून रक्त जातंय, अ‍ॅस्पिरिन बंद झालेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६३, राहणार सांगली) एलव्हॅड, म्हणजे कमजोर हृदयाला रक्त पुढे ढकलायला मदत करणारा पंप, बसवलाय; त्याचं मॉडेल हार्टमेट ३. त्यानंतर तब्येत खरंच सुधारली, दम लागणं थांबलं, सकाळी फिरायलाही जायचे. पण आता डांबरासारखी काळी शी होतेय. हिमोग्लोबिन ७ वर आलं, रक्त चढवावं लागलं. दुर्बिणीने वरून आणि खालून दोन्हीकडून पाहिलं, जखम सापडली नाही. लहान आतड्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपी (गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याने तपासणी) सांगितली आहे.

नातेवाईक म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी (वॉरफरिन) जास्त झाली असेल, बंदच करा. पण आयएनआर (या गोळीने रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) २.४ आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या २ ते ३ च्या आतच. हृदयविकारतज्ज्ञांनी सांगितलं ते असं: पंपातून रक्त जोरात जाताना व्हॉन विलेब्रँड या प्रथिनाच्या लांब साखळ्या ताणल्या जाऊन तुटतात, आणि रक्तस्राव थांबवायला त्याच साखळ्या लागतात. शिवाय अशा रुग्णांच्या आतड्यात नाजूक, सहज फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांची जाळी तयार होतात. त्यामुळे आयएनआर ठीक असूनही रक्त जाऊ शकतं. उलट वॉरफरिन थांबवलं तर पंपात गुठळी होण्याची, पक्षाघाताची भीती. म्हणून घरच्या घरी एकही गोळी कमी केलेली नाही.

माझा खरा प्रश्न अ‍ॅस्पिरिनचा आहे. २०२३ साली एरीज नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्टमेट ३ च्या रुग्णांमध्ये वॉरफरिन चालू ठेवून अ‍ॅस्पिरिन न दिल्यास रक्तस्राव कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत, असं त्यात दिसलं. मात्र ज्यांना दुसऱ्या कारणाने अ‍ॅस्पिरिन घेणं भागच आहे, असे रुग्ण त्यात नव्हते. बाबांना जुना स्टेंट आहे. पंप आणि स्टेंट दोन्ही असताना कुणाचं अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांनी बंद केलंय का? पुढे काय झालं? रक्त जायचं थांबलं का?

आणखी एक. इथल्या कॅज्युअल्टीत नाडी लागेना, बीपीचं मशीन आकडा दाखवेना, म्हणून केवढी धावपळ झाली! या पंपात रक्त सतत वाहतं, त्यामुळे नाडी बऱ्याचदा लागतच नाही आणि बीपी डॉप्लरने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) बघावं लागतं, हे मीच समजावून सांगितलं. पंप चालू आहे ना हे आधी बघा, छातीला स्टेथोस्कोप लावला की घरघर ऐकू येते, हेही सांगावं लागलं. तेव्हा सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात एलव्हॅडचे रुग्ण हाताळलेले पोटविकारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया व्यनि करा. कॅप्सूलमध्ये काही दिसलं तर लहान आतड्यापर्यंत जाणारी एंटेरोस्कोपी लागेल म्हणतात, ती करणारं कुणी हवं आहे.

लघवी कोकाकोलासारखी गडद झाली किंवा पंपाचे वॅट अचानक वाढले तर गुठळीची शंका घेऊन लगेच कळवायचं, एवढं आम्हाला शिकवलंय आणि रोज वहीत लिहितो. घरी याशिवाय अजून कशावर लक्ष ठेवता, तेही सांगा. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची भेट आहे, त्याआधी तुमचे अनुभव वाचून प्रश्न लिहून न्यायचे आहेत.