मदत हवी आहे : ‘लॉन’ या कापडासाठी मराठी शब्द

नमस्कार. मी एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करत आहे आणि गेले आठ दिवस ‘लॉन’ या एकाच शब्दापाशी अडले आहे.

गवताच्या अर्थी आपल्याकडे ‘हिरवळ’ हा सुंदर शब्द आहे. अंगणात हरळी किंवा मेक्सिकन गवत लावणारे आता सर्रास ‘लॉन’च म्हणतात, आणि लग्नपत्रिकेवर ‘लॉन्स’ असे छापलेले असले की ते लग्नाचे मोकळे आवार असते, हे सर्वांना कळते. तिथे माझी काहीच अडचण नाही.

अडचण आहे ती बिशपच्या ‘लॉनच्या बाह्यां’ची. हे लॉन म्हणजे अतिशय तलम, साध्या विणीचे, पूर्वी जवसाच्या धाग्याचे आणि पुढे सुताचेही विणले जाणारे कापड. हे नाव बहुधा उत्तर फ्रान्समधील लाँ या गावावरून आले. गवताचे लॉन मात्र मोकळ्या माळरानासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दातून आले आहे. म्हणजे रूप एक असले तरी हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत.

‘मलमल’ लिहावे, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर ढाक्याचे सुती, मऊ, झिरझिरीत वस्त्र येते. लॉनला जो किंचित ताठपणा आणि गुळगुळीतपणा असतो तो त्यात नाही. ‘केंब्रिक’ त्याहून जाड असते. ‘नैनसूक’ मला मनापासून आवडतो, पण तेही सुतीच, आणि आजच्या तरुण वाचकाला तो शब्द कितपत कळेल याची शंका वाटते. ‘लॉन’ तसेच ठेवले, तर उन्हाळ्यात पाकिस्तानी लॉनचे छापील ड्रेस मटेरियल घेणाऱ्या वाचकांना ते समजेल, इतरांना गवतच दिसेल.

एकदाच आले असते तर ‘तलम लिननच्या बाह्या’ लिहून मी मोकळी झाले असते. परंतु इंग्लंडच्या चर्चमध्ये या बाह्या बिशपपदाची खूण मानल्या जात, त्यामुळे कादंबरीतील एक महत्त्वाकांक्षी पाद्री पुढे वारंवार ‘लॉनच्या बाह्यांची’ आस धरतो. तेथे दरवेळी दोन शब्दांचे वर्णन फार जड होते. वस्त्रही दाखवील आणि पदही सुचवील असा एकच आटोपशीर शब्द मला हवा आहे.

कापडाच्या व्यापारात किंवा शिवणकामात मुरलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे : अशा तलम, किंचित ताठ लिननला आपल्याकडे जुने नाव होते का? आणि नसेल, तर ‘नैनसूक’ वापरल्यास तुम्हाला ते खटकेल का?