निसटणारा खलनायक: डीएमने त्याला वाचवावं का?

दप्तरी_डीएम

आधी कबुलीजबाब देतो, मग वाद घालू.

चार वर्षं झाली, दर शनिवारी रात्री मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) हा फाशांवरचा कथा-खेळ चालवतो; गोष्ट सांगणारा आणि खलनायक खेळवणारा डीएम मी. पाचवी आवृत्ती, जग घरी रचलेलं, पाच खेळाडू, एका मित्राची गच्चीवरची खोली. पहिल्याच सेशनला पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) बंदरात उतरली तेव्हा जकात घ्यायला मी एक कारकून उभा केला. नाव ओथमार. त्याने चार चांदीची नाणी मागितली. आमच्या मंडळींनी सवयीप्रमाणे हुज्जत घातली. त्याने न चिडता पाचवं नाणं दंड म्हणून घेतलं आणि पाचाचीही पावती फाडून दिली. त्याचं काम तेवढंच होतं. पण त्या रात्री त्याचं बारसं झालं: 'टोलनाका'. मग काय, सहाव्या सेशनला तो परत आला, बढती मिळालेला. अकराव्याला कळलं की गुलामांच्या जहाजांचे हिशोब त्याच्याच दप्तरात आहेत. प्रत्येक भेटीत पार्टीकडून काहीतरी घ्यायचा आणि पावती द्यायचा. खेळाडूंनी त्या पावत्या जपून ठेवल्यात. खऱ्या, कागदाच्या.

दीड वर्षापूर्वी पुलावर गाठ पडली. आमच्या रोगने (चोरट्या पात्रांच्या वर्गाचं नाव आहे हो, आजार नव्हे) बाण सोडला. वीसबाजू फाशावर वीस, म्हणजे सर्वोत्तम फटका. स्नीक अटॅकचे (छुप्या वाराचे) फासे दुप्पट, बेरीज ४१. ओथमारकडे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल ते मोजणारे गुण) उरले होते ३४. डीएमचे कागद झाकणाऱ्या पडद्याआड मी आकडा बदलला आणि म्हणालो, "बाण खांद्यात घुसतो, तो कठड्यावरून नदीत कोसळतो."

मला पश्चात्ताप नाही. डी अँड डीमध्ये एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) सहा सेकंदांचा. बहुतेक खलनायक तीन राउंडांत आडवे होतात, म्हणजे १८ सेकंदांत. १८ सेकंद भेटलेला माणूस कोणाच्या लक्षात राहतो? श्ट्राड हा व्हँपायर खलनायक घ्या. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी १९८३ मध्ये त्याच्यावरचं साहस 'रेव्हनलॉफ्ट' लिहिलं, २०१६ मध्ये 'कर्स ऑफ श्ट्राड' आलं, आणि आजही लोक त्याच्या नावाने दचकतात. कारण तो शेवटच्या खोलीत वाट बघत बसत नाही. मध्येच येतो, टोमणे मारतो, जेवायला बोलावतो, निघून जातो. खलनायक परतण्याने मोठा होतो. परतायला तो जिवंत लागतो. तेव्हा गरज पडली तर डीएमने त्याला वाचवावं, असं माझं स्पष्ट मत.

आडनाव_नको

चूक केलीत. धागा संपला. :)

शेजारची_मांजर

इतक्या लवकर संपवू नका, मला श्ट्राडबद्दल बोलायचंय. उदाहरण तुम्ही तुमच्याच विरुद्ध दिलंय.

श्ट्राड निसटतो तो डीएमच्या मायेने नाही, नियमाने निसटतो. व्हँपायरचे हिट पॉइंट शवपेटीबाहेर शून्यावर आले की त्याचं धुकं होतं. उन्हात किंवा वाहत्या पाण्यात असला तर होत नाही, तिथेच संपतो. धुकं झाल्यावरही सुटला असं नाही. दोन तासांत शवपेटी गाठली नाही तर नष्ट. गाठली तरी शुद्धीवर येईपर्यंत लुळा पडून. आता बघा खेळाडूंच्या हातात किती गोष्टी आल्या: पेटी आधी शोधा, दिवसा गाठा, नदीकाठी ओढून आणा, धुक्याच्या मागे धावा. पहिल्यांदा निसटला की चडफडाट होतो. दुसऱ्यांदा निसटला की कोणीतरी विचारतं, "तो जातो कुठे?" तिथून खरा खेळ सुरू.

आपल्याकडचा वेताळ आठवा. राजा बोलला की हा परत झाडावर. राजाला अट माहीत आहे, वाचणाऱ्यालाही माहीत आहे, म्हणून पुन्हा पुन्हा तेच घडलं तरी कोणी म्हणत नाही की फसवणूक झाली. उलट आपण वाट बघतो, आता हा तोंड उघडणार. समजा अट नसती आणि गोष्ट सांगणारी आजी दर वेळी नुसतं "उडाला बरं का वेताळ" म्हणाली असती, तर तिसऱ्या रात्री पोरं झोपली असती.

तुमचा ओथमार आजीच्या मर्जीने उडाला.

दप्तरी_डीएम

आजीचा दाखला आवडला, म्हणून थोडा रागही आला. पण तुमचा व्हँपायर राक्षस आहे, माझा कारकून माणूस. त्याचं धुकं होत नाही. लिचलाही (मरूनही न संपणारा जादूगार) व्हँपायरसारखीच सूट, फिलॅक्टरी (जीव दडवलेली वस्तू) शाबूत असली तर एक ते दहा दिवसांत नवं शरीर. या पात्रांना नियमांनीच जामीन दिलाय. साध्या माणसाने काय करावं? मग लक्षात राहणारे सगळे खलनायक मेलेलेच असायचे का?

हिशोबी_ड्वार्फ

धागाकर्त्याला +१. पुस्तकात छापलेला आकडा ही निव्वळ सरासरी असते, हे लोक विसरतात. २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये व्हँपायरपुढे १४४ लिहिलंय, पण शेजारी सूत्रही आहे: १७ आठबाजू फासे अधिक ६८. म्हणजे ८५ पासून २०४ पर्यंत काहीही असू शकतो. ३४ उरले होते की ४५, हे ठरवायचा हक्क डीएमचाच. नाहीतर पडदा कशाला मांडतात, वारा येतो म्हणून?

आणि कोणीतरी तयारीचे तास मोजा. खेळाडू शनिवारी चिवड्याची पिशवी घेऊन उगवतात. डीएम बुधवारपासून नकाशे काढत असतो.

शेजारची_मांजर

हक्क आहेच, पण तो लढाई सुरू होण्याआधी वापरायचा. बाण लागल्यावर "अरे हो, याचे ४५ होते" म्हणणं म्हणजे निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका लिहिणं.

तयारीच्या तासांबद्दल पूर्ण सहानुभूती. मीही बुधवारवालीच आहे.

फेटवाला

साध्या माणसाने काय करावं, याचं उत्तर डी अँड डीच्या बाहेर केव्हाच लिहून झालंय. 'फेट कोर' (२०१३) या दुसऱ्या कथा-खेळात हार मान्य करण्याचा नियम आहे. समोरच्याने फासा टाकण्याआधी म्हणायचं, "मी हरलो." जिंकणाऱ्याला जे हवं होतं ते मिळतं, पण तुमचा शेवट कसा होतो यात तुमचंही मत धरलं जातं. वर एक फेट पॉइंट (पुढे कामी येणारा बक्षीस-गुण), आणि त्या झटापटीत सोसलेल्या दर दुखापतीमागे आणखी एक. हा नियम डीएमच्या पात्रांनाही लागू. म्हणजे ओथमारने बाण सुटण्याआधीच दप्तर पुलावर टाकून नदीत उडी मारली असती. पार्टीला हिशोबाच्या वह्या, त्याला जीव, आणि टेबलावरच्या सगळ्यांना माहीत की सौदा झालाय.

सुपरहिरोंच्या 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स'मध्ये तर आणखी रोखठोक कारभार. खलनायक निसटावा असं डीएमला वाटलं तर निसटवावा, पण बदल्यात खेळाडूंना हिरो पॉइंट द्यावा. खेळाडू दात-ओठ खात पॉइंट घेतात आणि पुढच्या भेटीत त्याच्याच टाळक्यात घालतात.

फुकट वाचवू नका, एवढंच म्हणणं. किंमत द्या.

आडनाव_नको

पावती फाडा म्हणा की.

फेटवाला

🙏 तेच.

डब्लिनचा_पाऊस

आम्ही इथे चार मराठी आणि एक आयरिश मिळून 'कॉल ऑफ कथुलू' हा भयकथांचा खेळ खेळतो, त्यामुळे माझा तक्रारीचा सूर वेगळा. एकच माणूस पुन्हा पुन्हा यावा हा हट्टच कशाला? 'मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप' हे १९८४ चं कॅम्पेन (अनेक सेशनांची सलग गोष्ट). न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय. प्रत्येक ठिकाणी वेगळा पंथ, वेगळा म्होरक्या. म्होरक्या मरतो, मरू द्यावा, त्याच्यासाठी कोणी आकडे खोडत बसत नाही. पण सगळ्यांच्या मागे एकच देव, हजार मुखवट्यांचा. कैरोत पोचल्यावर खेळाडूंना उमजतं की न्यूयॉर्कमध्ये आपण जिंकलो ते फक्त एका मुखवट्याविरुद्ध. ती भीती १८ सेकंदांच्या हिशोबात बसत नाही.

तुमच्या कारकुनाच्या बाबतीतही हेच करता आलं असतं. ओथमार पुलावर मेला. पुढच्या बंदरात दुसरा कारकून, तसंच दप्तर, तशीच पावती, तेच अक्षर. आमचे खेळाडू तर अशाने जेवण सोडतील.

दप्तरी_डीएम

"तेच अक्षर." हे मला दीड वर्षापूर्वी का नाही सुचलं.

गाढवाची_मालकीण

माझा अनुभव छोटा आहे. खलनायक मी दोनदा आखून बनवले. एक सरदार होता, त्याला पाच पानांचा इतिहास, भावाशी वैर, शापित तलवार. खेळाडूंना त्याचं नाव आजही आठवत नाही. 'तो केस वाढवलेला' म्हणतात.

लक्षात राहिला तो एक गॉब्लिन (बुटका, किरकोळ राक्षस). पहिल्या लेव्हलची साधी चकमक होती, सहापैकी पाच मेले, सहावा पळाला. पळता पळता पार्टीचं गाढव घेऊन गेला, कारण माझ्या नकाशावर गाढव त्याच्या वाटेत होतं. बस. त्यानंतर दोन वर्षं खेळाडू कुठेही गेले तरी आधी विचारायचे, "इथे गाढवावरून आलेला गॉब्लिन कोणी पाहिलाय का?" राजवाड्यातसुद्धा. त्याच्यासाठी त्यांनी एक ड्रॅगन अर्धा सोडला.

म्हणून मी उलट करते. सगळ्यांना मरू देते. जो फाशांच्या तावडीतून आपसूक वाचतो, तोच माझा खलनायक. निवड फासे करतात, मी फक्त त्याला पुढच्या वेळी बरे कपडे घालते. तुमचा ओथमारही मुळात असाच सापडला होता ना, हुज्जतीतून? त्याला तुम्ही घडवला नव्हता, खेळाडूंनी घडवला. मग मारायचा हक्कही त्यांचाच.

हिशोबी_ड्वार्फ

गाढवाचं शेवटी काय झालं?

गाढवाची_मालकीण

परत यायला तयार नव्हतं. गॉब्लिन त्याला गाजरं द्यायचा.

निशाचरी

लिंक कोणी पाठवली सांगत नाही. तो बाण माझा होता.

आधी एक गोष्ट: मला तेव्हाच कळलं होतं. ४१ म्हटल्यावर तू वर पंख्याकडे बघितलंस आणि पडद्यामागून खोडरबराचा आवाज आला. तू हिट पॉइंट पेन्सिलने लिहितोस, आणि एरवी वजाबाकी करताना कधी खोडत नाहीस, खाली नवा आकडा लिहितोस. चार वर्षं मी तुझ्या डावीकडे बसतेय.

मी तेव्हा बोलले नाही, कारण नदीत पडण्याचं वर्णन तू फार छान केलंस आणि बाकीचे चौघे अक्षरशः ओरडत उठले होते. ती मजा मोडायची नव्हती. इथे मला हिशोबी ड्वार्फशी भांडायचंही नाही, चिवड्याची पिशवी आणणारी मीच.

पण त्यानंतर ओथमार आपल्याला तीन वेळा भेटलाय. मीठागरात, लग्नात आणि गेल्या महिन्यात दीपगृहावर. तिन्ही वेळा मी त्याच्यावर एकही बाण सोडला नाही. मीठागरात दोर कापत बसले, लग्नात स्वयंपाकघरात लपले, दीपगृहावर तर माझी पाळी आल्यावर "मी थांबते" म्हणाले. का सोडायचा? लागला तरी तो मरणार कधी ते तू ठरवणार. तुला वाटत होतं की माझ्या पात्राच्या मनात त्याच्याबद्दल काही हळवं आलंय, तसं तू एकदा बोललाही होतास. त्यावर तू एक अख्खं सेशन रचलंस. ते सेशनही छान होतं, आणि ते सगळं या खोडरबरातून आलेलं.

दप्तरी_डीएम

दीपगृहावरचं "मी थांबते" मी वहीत लिहून ठेवलंय. खाली दोन रेघा मारून. मला वाटलं, काय सुंदर रोलप्ले.

मान्य. हिशोबी ड्वार्फचे आभार, पण ते हरले, आणि मीही.

शेजारची_मांजर

हे धाग्याच्या पहिल्या ओळीपेक्षा भारी निघालं. पुढे काय करणार?

दप्तरी_डीएम

शनिवारी ओथमार येणार होताच. फेटवाल्यांचं ऐकून किंमत देतो: त्याचे हिट पॉइंट कागदावर लिहून टेबलाच्या मधोमध, उघडे. पुलावरचे सात कमी करून, ते मी देणं लागतो. पडदा घरी ठेवून येतो. मेला तर मेला.

निशाचरी

आणि सातांची पावती. त्याच्या अक्षरात.

दप्तरी_डीएम

देतो.

हिशोबी_ड्वार्फ

रविवारी सकाळी इथे निकाल टाका. मी ओथमारच्या बाजूने आहे, अजूनही.