लिस्बन की मिलान, आणि मे महिन्याची ट्रिप

ग्रुप: आपली मंडळी (सगळे)

विनूकाका (सकाळी ७:०४): सुप्रभात. परवापासून तिसऱ्यांदा लिहितोय. शहरं ठरल्याशिवाय युरोपचा सामायिक (शेंगेन) व्हिसा कुठल्या देशाकडे टाकायचा ते कळत नाही. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिकडे. मे मधली ट्रिप आहे, अपॉइंटमेंट मिळत नाहीयेत आणि इथे पास्त्याचे फोटो चाललेत. नऊ माणसांचं काम आहे हे.

सौरभ: काका बार्सिलोना फायनल करून टाका ना

विनूकाका: बार्सिलोनाचं नाव काढू नकोस. २०१९ ला काय झालं सगळ्यांना माहितीये.

नाना: मेट्रोत चढताना पासपोर्टचं पाकीट गेलं. दोन माणसं पुढे, एक मागे, मधे मी. मग माद्रिदला दूतावासात जावं लागलं. फास्ट ट्रेन अडीच तासात पोचते हे तेवढ्यापुरतं कळलं.

विनूकाका: आणि त्या तिकिटांचे पैसे कुणी भरले तेही सगळ्यांना माहितीये.

प्राजक्ता (मिलान): काका तो हिशोब पुन्हा नको प्लीज. मी तेव्हाच म्हटलं होतं की पासपोर्ट हॉटेलात ठेवा, रांब्लाच्या रस्त्यावर आणि मेट्रोत पाकिटमारी होते हे तिथले पोलिसच सांगतात. शहर वाईट नाहीये. पण तिथल्या लोकांनाही आता टुरिस्ट नकोसे झालेत, २०२४ च्या जुलैत मोर्चात काहींनी टुरिस्टांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, भाडी परवडत नाहीत म्हणून. तिथल्या महापौरांनी तर २०२८ पर्यंत टुरिस्ट फ्लॅटचे सगळे परवाने बंद करायचं जाहीर केलंय.

वृंदाकाकू: ट्रिपचं चालू द्या पण माझा विषय राहतोय. केतकीला नोकरीच्या दोन ऑफर आहेत, लिस्बन आणि मिलान. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. ओंकार आणि प्राजक्ता, तुम्ही दोघं तिथे राहता म्हणून विचारते, मला रात्री झोप नाही. ते लिस्बनला सप्टेंबर २०२५ मध्ये केबलवर चालणारी ट्राम घसरून १६ माणसं गेली, ती ही रोज ऑफिसला जाताना घेणार का?

ओंकार (लिस्बन): नाही काकू, ती ग्लोरियाची लाइन, टेकडी चढायला, त्यात जास्त करून टुरिस्ट असायचे. ऑफिसला लोक मेट्रोने आणि बसने जातात. मीही रोज मेट्रोनेच जातो.

सौरभ: ओंक्याला तिथे भाषेचा प्रॉब्लेमच नाही. बटाटा, पाव, चावी, साबण, बादली सगळं त्यांचंच आपण वापरतो. पगार पण पोर्तुगीज 😂

नाना: वसई १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेतली पण पाव राहिला.

सौरभ: नाना 🔥🔥

वृंदाकाकू: मी काय विचारतेय आणि तुम्ही काय बोलताय. तिसरी वेळ आहे ही, माझा विषय आला की इतिहास सुरू होतो.

नाना: सॉरी वृंदा. बोल.

प्राजक्ता: काकू मी माझं सांगते. मिलान महाग आहे, इटलीतली सगळ्यात जास्त भाडी इथेच आहेत. आणि हिवाळ्यात हवा वाईट, कारण उत्तरेला आल्प्स आणि सगळं मैदान एखाद्या वाडग्यासारखं, धूर बाहेर पडत नाही, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. पण घरं गरम असतात, १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल बिल्डिंगचं हीटिंग चालू असतं. काम आहे, ट्रेन आहेत, पगार वर्षाला तेरा मिळतात, काही ठिकाणी चौदा. गेल्यावर आठ दिवसांत राहण्याच्या परमिटचा अर्ज टाकायचा आणि मग वाट बघायची. इटालियन मात्र शिकावं लागेल, त्याशिवाय दोन वर्षांनी माणूस एकटा पडतो, मी पडले होते.

केतकी: ताई हे तू मला कधी सांगितलं नाहीस

प्राजक्ता: तू विचारलं नाहीस ग. तुम्ही सगळे विचारता ड्युओमो, ते मोठं चर्च, किती वाजता उघडतं.

शैलाआत्या: माझं मध्येच. मी गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई आहे. रोम, लिस्बन, अथेन्स यात कुठे चढ कमी?

ओंकार: आत्या लिस्बनला चढच चढ. आणि फुटपाथ लहान लहान पांढऱ्या दगडांचे, घासून घासून गुळगुळीत झालेले, पाऊस पडला की मीच घसरतो. २८ नंबरची ट्राम वर जाते पण त्यात उभं राहायला जागा नसते, तिथेही पाकिटं सांभाळायची.

प्राजक्ता: अथेन्सला ॲक्रोपोलिसच्या टेकडीवर न चालू शकणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे आत्या. वरचा संगमरवर मात्र तसाच गुळगुळीत. आणि मे मध्येच जायचं, जून-जुलैत उन्हाची लाट आली की दुपारी बंद ठेवतात. तिकीट २०२५ पासून ३० युरो.

विनूकाका: ३० गुणिले ९. कुणीतरी लिहून ठेवा.

शैलाआत्या: आणि जेवण?

प्राजक्ता: शाकाहाराला सगळ्यात सोपं ग्रीसच. त्यांचे चर्चचे उपास असतात, मांस दूध अंडी काही नाही, त्यामुळे तेलातल्या भाज्या, भात भरलेले टोमॅटो, पालक भरलेली पेस्ट्री सगळीकडे मिळते. फसोलाडा म्हणजे पांढऱ्या घेवड्याची पातळ उसळच. इटलीत मात्र विचारून खा, मिलानचा पिवळा रिसोटो बऱ्याचदा मांसाच्या रस्स्यात करतात. आणि पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने लावतात.

शैलाआत्या: म्हणजे?

प्राजक्ता: म्हणजे ते शाकाहारी नाही आत्या.

शैलाआत्या: २०१९ ला रोज पास्त्यावर घालून खाल्लं मी. आठ दिवस. कुणी बोललं नाही.

विनूकाका: टूर मॅनेजरने सांगायला हवं होतं.

शैलाआत्या: टूर मॅनेजर परका, तुम्ही सगळे घरचे होतात.

(बारा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही.)

विनूकाका: व्हिसा कुठल्या देशाकडे टाकायचा ते शहरं ठरल्याशिवाय कळत नाही. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे. फी माणशी ९० युरो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. चौथ्यांदा लिहितोय.

सौरभ: काका वालेन्सिया? आत्यासाठी एकदम सपाट. मधून नदीचं जुनं पात्र जातं त्यात पाणीच नाही, सगळी बाग केलीये, मैलोन्मैल सावलीत चालायचं. आणि माद्रिदहून ट्रेनने दोन तासांच्या आत.

वृंदाकाकू: तिथेच पूर आला ना रे? दोनशेच्या वर माणसं गेली.

सौरभ: २९ ऑक्टोबर २०२४. पण काकू ते वाचलंय मी, १९५७ ला तसाच पूर शहरात आला होता म्हणून त्यांनी नदीच शहराबाहेरून दक्षिणेकडून वळवली, त्या कोरड्या पात्राची ही बाग. त्यामुळे मधलं शहर वाचलं आणि दक्षिणेची गावं बुडाली. बुडालेली गावं आपण बघायला जाणार नाही, पण शहराला काही झालं नाही म्हणणंही बरोबर नाही.

नाना: हा पोरगा वाचतो म्हणजे.

केतकी: ओंकारदादा तू लिस्बनबद्दल पूर्ण काही बोलला नाहीस. मला फोनवर पण फक्त छान आहे म्हणालास.

ओंकार: लिहितो.

ओंकार: लिस्बन बघायला आलात तर प्रेमात पडाल, नदी एवढी रुंद की समुद्र वाटते, उन्हात सगळं शहर पांढरं पिवळं चमकतं, कोपऱ्यावर उभं राहून कॉफी आणि नाता (कस्टर्डचा छोटा टार्ट) खायचा, लोक शांत, कुणी अंगावर येत नाही, इंग्रजी चालतं. ते सगळं खरं आहे आणि रोज खरं आहे. पण जानेवारीत घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते कारण जुन्या घरांना हीटिंगच नाही, भिंतीला बुरशी येते, दर रविवारी मी ब्लीच लावून पुसतो आणि पुढच्या रविवारी परत. २०२५ मध्ये किमान पगार ८७० युरो होता, स्पेनला ११८४, आणि शहरातली भाडी काही त्या हिशोबाने कमी नाहीत. माझा पगार किमान नाही पण निम्मा भाड्यात जातो. राहण्याच्या परवान्याचं कार्ड रिन्यू करायचं तर महिने महिने उत्तर नाही, त्या काळात घरी येता येत नाही. आजी गेली तेव्हा मी का आलो नाही ते आता कळलं असेल. मी तेव्हा सांगितलं की सुट्टी नाही.

ओंकार: चार वर्षं झाली. प्राजक्ताताईकडे तीनदा सगळे जाऊन आलात, माझ्याकडे कुणी आलं नाही. लिस्बन लांब पडतं, थेट विमान नाही, माद्रिदहून थेट ट्रेन पण २०२० ला बंद झाली, हे मी दर वेळी ऐकलंय. केतकी तू ये. मी घाबरवायला नाही लिहिलं. पण घर घेताना दक्षिणेकडे खिडकी असलेलं घे आणि करारावर माझ्यासमोर सही कर.

वृंदाकाकू: ओंकार फोन उचल.

प्राजक्ता: ओमी मला तरी सांगायचंस. तीनेक तासांच्या विमानावर आहे मी.

ओंकार: तुला पण तुझं होतं ना ताई.

नाना: आजी गेली तेव्हा मी या ग्रुपवर जे लिहिलं होतं ते मागे घेतो. लहान मोठं बघत नाही.

विनूकाका: मला हे माहीत नव्हतं.

शैलाआत्या: मी लिस्बनला येणार. चढ असू दे. ओंकारचं घर बघायचंय, बाकी बाहेरून बघितलं तरी चालेल.

सौरभ: +१. बार्सिलोना कॅन्सल, माझ्याकडून.

प्राजक्ता: मी मिलानहून तिकडेच येते मग. मिलानला कुणी येऊ नका या वेळी.

विनूकाका: ठीक. मग लिस्बन ६ रात्री, तिथून विमानाने वालेन्सिया ३, माद्रिद १. पोर्तुगालमध्ये जास्त रात्री म्हणजे पोर्तुगालकडे अर्ज. ज्यांना अथेन्स हवं होतं त्यांनी आत्ताच बोला, नंतर नाही. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो मला पर्सनलवर, ग्रुपवर टाकू नका.

सुनीलभाऊजी: सुप्रभात 🌹 आजचा सुविचार (फोटो)

विनूकाका: भाऊजी वर वाचा.

वृंदाकाकू: केतकी तुझं काय मग?

केतकी: आई अजून ठरलं नाही. मिलानला पगार जास्त आणि घर गरम, लिस्बनला दादा आहे. त्याच्याशी रात्री परत बोलते. तुझ्या साडेदहाला तिथे सहा होतात, तो ऑफिसातून सुटतो तेव्हा.

वृंदाकाकू: हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक म्हणजे पाचच वाजतात ग. मिलानला सहा.

केतकी: बघ तुलाच पाठ झालंय सगळं.

शैलाआत्या: ओंकार तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का?

ओंकार: नाही आत्या. तिसरा मजला. पण खालच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली भाड्याने मिळते, आज जाऊन बघतो.