मदत हवी आहे: १४२८५७ फिरतो, मग १३ चा का नाही?

नमस्कार मंडळी, गणितवाल्यांची मदत हवीये. मुलगी आठवीत आहे, तिला १४२८५७ दाखवला, २ ने गुणलं की २८५७१४, ३ ने ४२८५७१, तेच आकडे नुसते फिरतात आणि ७ ने गुणलं की थेट ९९९९९९. वर्ग केला तर २०४०८१२२४४९, त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे तुकडे करून बेरीज केली की परत १४२८५७, म्हणजे आपल्या देवळालीच्या कापरेकर सरांची कापरेकर संख्या. पोरगी जाम खूश.

मग तिने वहीच्या मागच्या पानावर १ भागिले ७ केलं, उत्तरात १४२८५७ च परत परत येतो (०.१४२८५७१४२८५७...), आणि बाक्या आल्या १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सगळ्या बाक्या येतात म्हणून आकडे फिरतात, हे तिचं तिलाच कळलं. १७ ला पण जमतं, ०५८८२३५२९४११७६४७, सुरुवातीचं शून्य धरून सोळा आकडे. पण १३ ला ०७६९२३ वरच गाडी परत फिरते, बाक्या फक्त १, १०, ९, १२, ३, ४, बाकीच्या सहा वेगळ्या साखळीत, २ भागिले १३ केलं की १५३८४६ येतो ना, तिथे.

आता तिचा प्रश्न असा की भागाकार न करता आधीच कसं ओळखायचं कुठली मूळसंख्या ७ सारखी आणि कुठली १३ सारखी? मला १० च्या घातांपर्यंत सांगता येतं, पुढे अडतो. आठवीच्या पोरीला पटेल असं कोणी समजावेल का, प्लीज? सूत्र नको, कारण हवंय.