डोक्याला मार लागल्यापासून चिडचिड आणि रडू. घरी कसं सांभाळता? (बजेट महिना २,०००)

ठाण्याची_वहिनी: मार्चमध्ये ह्यांचा बाइकवरून अपघात झाला, डोक्याला मार. आता चालणं-बोलणं ठीक आहे, पण मूळचा शांत माणूस कुकरच्या शिट्टीवरून ओरडतो आणि लगेच रडतो. मुलगी जवळ जायला घाबरते. काउन्सेलर, अ‍ॅप, काहीही सुचवा. दोन हजारांच्या वर जमणार नाही. गणपतीला गावी जायचं म्हणतायत, न्यावं का?

निवांत_नाना: केरळात शिरोधारा, कपाळावर तेलाची धार सोडतात ती. मेहुण्याला नेलं, सव्वा लाख गेले, पण माणूस गार झाला.

खोपोलीचा_बंड्या: हेल्मेट होतं का?

सासवडकर: त्याचा इथे काय संबंध?

खोपोलीचा_बंड्या: संबंध कसा नाही? माझं आठ हजारांचं आहे. लोक रस्त्यावरचं घेतात.

अश्विनी_के: फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू आहे का? त्याने काहींची चिडचिड वाढते. भावाची गोळी डॉक्टरांनी बदलली, बराच फरक पडला. स्वतःहून बंद करू नका हं, फिट येऊ शकते.

निवांत_नाना: गोळ्यांनीच बिघडतं सगळं. म्हणून शिरोधारा.

सोलापूरची_आजी: आमच्या ह्यांना पॅरालिसिसनंतर मयताच्या घरी हसू फुटायचं. भावकीने काय काय ऐकवलं! डॉक्टर म्हणाले, हे मेंदूमुळे, मनात तसं काही नसतं, आणि यावर औषध आहे. रडायला लागले की "का रडता" विचारू नये, विषय बदलावा.

तिसरा_मजला: थकवा आणि आवाज, बहुतेक भडके तिथूनच. दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही बंद, दारू अजिबात नाही. चिडले तर वाद न घालता दुसऱ्या खोलीत जा. टेलिमानस १४४१६, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. घरच्यांनीही फोन करावा. गणपतीच्या गर्दीत मात्र नेऊ नका.

खोपोलीचा_बंड्या: +१, गर्दी नको.

निवांत_नाना: तेच म्हणतोय, गावाऐवजी केरळ.

ठाण्याची_वहिनी: गोळी तीच निघाली! सोमवारी डॉक्टरांना विचारते. १४४१६ ला मीच फोन केला, बरं वाटलं. मुलीला सांगितलं की बाबा तुझ्यावर रागावलेले नसतात. गावी मात्र जातोय. आरतीच्या वेळी हे मागच्या पडवीत बसतील, सासूबाईंनी झांजा आवरायचं कबूल केलंय. आणि तिकिटं कन्फर्म आहेत.

खोपोलीचा_बंड्या: कन्फर्म?? कोणती गाडी? कधी काढली होतीत?